दोन कचेऱ्यांमधील व्हिडिओ कॉल : सोपी व भरवशाची व्यवस्था

प्रास्ताविक

शेतीचा सल्ला वेळेवर मिळाला तरच त्याचा उपयोग होतो. पीक पाहणारा माणूस खेड्यात आणि निर्णय देणारा अधिकारी शहरात असला, तर मधले अंतर पिकाला महाग पडते. फोनवरून वर्णन ऐकता येते, पण पानावरचा ठिपका किंवा बोंडातील अळी दिसत नाही. ही उणीव व्हिडिओ कॉलने भरून निघते. तथापि, अनेक कचेऱ्यांत साधने असूनही त्यांचा वापर होत नाही, असे आढळून येते. याचे मुख्य कारण यंत्राचा दोष हे नसून व्यवस्थेचा गुंतागुंतीपणा हे होय. ज्या वरिष्ठांना यंत्राची सवय नाही, ते दोनदा अडखळले की तिसऱ्यांदा त्या वाटेस जात नाहीत. म्हणून त्यांना विनासायास वापरता येईल अशी व्यवस्था कशी उभारावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उदाहरणादाखल असे समजू की, नागपूरच्या नंदनवन भागात एका शेतकरी उत्पादक कंपनीची मुख्य कचेरी आहे व तिच्या शाखा उमरेड आणि भिवापूर येथे आहेत. नागपूरहून उमरेड सुमारे ४५ किलोमीटर, तर भिवापूर त्याच्याही पुढे आहे. कंपनीचे प्रमुख अनुभवी शेतकरी असून त्यांना पिकाची उत्तम जाण आहे, परंतु संगणकाचा सराव नाही. दर वेळी त्यांनी शाखेत जावयाचे म्हटले, तर पुष्कळदा सबंध दिवस खर्ची पडतो.

पूर्वपीठिका

ही कल्पना नवी नाही. ७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये बोलणाऱ्या व्यक्तीचे हलते चित्र तारेवरून न्यूयॉर्क येथे दाखविण्यात आले होते. १९६४ साली तेथेच चित्रफोन लोकांसमोर आला. पण तो महाग होता आणि समोरच्याकडेही तसेच यंत्र असल्याशिवाय निरुपयोगी होता, त्यामुळे तो रुजला नाही. आपल्याकडे २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्र शासन पक्षकार असलेल्या एका प्रकरणात, परदेशातील साक्षीदाराची साक्ष व्हिडिओद्वारे नोंदविण्यास मान्यता दिली. शेतकऱ्यांसाठी २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झाले. तेथे मात्र केवळ आवाजाचाच आधार आहे. आज साधा मोबाइल फोनही चित्र व आवाज दोन्ही पाठवू शकतो. सबब प्रश्न साधनांचा उरला नसून, ती नीट बसविण्याचा आहे.

तीन मूलतत्त्वे

१. एकच सेवा. आज एक अ‍ॅप, उद्या दुसरे असे करू नये. सर्व शाखांनी एक सेवा ठरवावी. शासकीय कचेऱ्यांनी आपल्या विभागाने मान्य केलेली सेवाच वापरावी. दीर्घकाळ प्रसिद्ध असलेली स्काइप ही सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली; म्हणून दुसऱ्या एका सेवेची माहिती एका कर्मचाऱ्याने राखून ठेवणे इष्ट होय. वरिष्ठांना मात्र दोन्ही शिकविण्याची गरज नाही.

२. एकच दुवा. दर बैठकीस नवा दुवा पाठविल्यास तो संदेशांच्या गर्दीत हरवतो. कायमचा एक दुवा तयार करून, तो मुख्य कचेरीतील पडद्यावर मोठ्या चिन्हाच्या रूपाने ठेवावा. चिन्हाखाली ‘उमरेड’, ‘भिवापूर’ अशी नावे मराठीत लिहावीत.

३. एकच वेळ. उदाहरणार्थ, दर मंगळवारी सकाळी ११ वाजता. वेळ ठरलेली असली की शाखेतील कर्मचारी आधी तयार राहतो आणि वरिष्ठांना वाट पाहावी लागत नाही.

साधनांची निवड व मांडणी

मुख्य कचेरीत भिंतीवर टीव्ही, त्यास जोडलेला एक लहान संगणक, टीव्हीच्या वर एक कॅमेरा आणि टेबलावर मध्यभागी माइक व स्पीकर एकत्र असलेले एक साधन, एवढे पुरेसे होते. हा संच जागेवरच कायम ठेवावा. रोज तारा काढून पुन्हा लावण्यातच निम्मे बिघाड उद्भवतात. शाखेत एक टॅबलेट किंवा फोन स्टँडवर ठेवला तरी काम भागते.

प्रकाश खिडकीतून चेहऱ्यावर यावा, पाठीमागून येऊ नये. पाठीमागे खिडकी असल्यास माणूस काळी आकृती दिसतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. पंखा थेट माइकवर वारा टाकत असल्यास त्याची दिशा बदलावी. मोकळ्या, उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदा व सतरंजी यांनी तो बराच कमी होतो.

इंटरनेटचा हिशेब

चांगल्या चित्रासाठी दोन्ही दिशांनी प्रत्येकी सुमारे १ ते १॥ मेगाबिट प्रतिसेकंद वेग सातत्याने मिळाला पाहिजे. येथे एक चूक वारंवार घडते. लोक केवळ उतरणाऱ्या माहितीचा वेग पाहतात. पण आपले चित्र समोर जाण्यासाठी चढणारा वेग लागतो आणि अनेक जोडण्यांत तोच कमी असतो. म्हणून वेग तपासताना दोन्ही आकडे पाहावेत.

प्रतिसेकंद १ मेगाबिट या दराने एका दिशेने तासाभरात सुमारे ४५० मेगाबाइट माहिती जाते. दोन्ही दिशा मिळून ९०० मेगाबाइट. मोबाइलच्या पॅकवर काम करणाऱ्या शाखेने हा हिशेब लक्षात ठेवावा. मुख्य कचेरीत शक्य तर संगणक राउटरला केबलने जोडावा. वायफाय भिंती व अंतर यांमुळे क्षीण होते, केबल तशी होत नाही. राउटर व फायबरच्या पेटीला वीज फार थोडी लागते. तेव्हा ती दोन्ही लहान इन्व्हर्टरवर ठेवल्यास वीज गेली तरी फोनवरून संभाषण पुढे चालू राहते.

वरिष्ठांस शिकविण्याची रीत

शेतावरील प्रात्यक्षिकाचे जे तत्त्व, तेच येथे लागू पडते : पाहून थोडे समजते, करून पूर्ण समजते. मदतनीसाने शेजारी बसावे, परंतु रिमोटला हात लावू नये. वरिष्ठांनी स्वतःच्या हाताने पुढील चार गोष्टी तीन वेळा कराव्यात : (अ) पडद्यावरील शाखेचे चिन्ह दाबणे, (आ) माइक चालू व बंद करणे, (इ) आवाज कमी-जास्त करणे, (ई) लाल बटणाने कॉल संपविणे. याहून अधिक पहिल्या दिवशी शिकवू नये. या चार गोष्टी मोठ्या अक्षरांत एका कार्डावर लिहून ते टीव्हीखाली चिकटवावे.

पहिला प्रयोग महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी कधीही करू नये. आदल्या आठवड्यात केवळ ख्यालीखुशालीचा कॉल करावा. चार लोकांसमोर वरिष्ठांची फजिती झाली, तर यंत्राविषयीची अढी सहजासहजी जात नाही. मदतनीसाने चूक सुधारताना ‘हे बटण जरा लहान आहे, साहेब’ अशा रीतीने बोलावे. माणसाला दोष देऊ नये.

शेतातील नमुना कसा दाखवावा

या व्यवस्थेचे खरे मोल हंगामात कळते. २०१७ साली विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अळी आहे की नाही हे नीट न पाहता केलेली फवारणी खर्च वाढविते आणि फवारणाऱ्याच्या जिवालाही धोका निर्माण करते. म्हणून आधी पाहणी, मग सल्ला, आणि त्यानंतरच फवारणी हा क्रम सोडू नये.

गुलाबी अळी बोंडात शिरल्यावर छिद्र बुजते व बोंड बाहेरून निरोगी दिसते. त्यामुळे झाडाचे चित्र दाखवून काहीच निष्पन्न होत नाही. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे तोडावीत, ती शाखेत आणून फोडावीत आणि कॅमेऱ्यासमोर एकेक दाखवावे. २० पैकी २ बोंडांत प्रादुर्भाव आढळला, तर प्रमाण १० टक्के होते. ही आर्थिक नुकसानीची पातळी समजली जाते. कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रत्येकी ८ वा अधिक पतंग सापडल्यास तीही पातळी गाठली असे धरतात. सापळ्यांची रोजची नोंदवही कॉलच्या वेळी हाताशी ठेवावी.

फोनचा मागील कॅमेरा वापरावा. बोंड पांढऱ्या कागदावर ठेवून शेजारी एक नाणे ठेवावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. पडद्यावर अळीच्या जागी बोट टेकवून चित्र स्पष्ट करावे व हात पाच सेकंद स्थिर ठेवावा. शेतात नेटवर्क क्षीण असल्यास तेथून कॉल करण्याचा हट्ट धरू नये. छायाचित्रे घेऊन शाखेत यावे आणि तेथून दाखवावीत. औषधाचा डबा असल्यास त्यावरील लेबल वाचता येईल असे धरावे.

सामान्य दोष व उपाय

आवाज घुमतो किंवा शिटी वाजते : एकाच खोलीत दोन फोन कॉलवर असतील, एक बंद करावा.
चित्र अडकते : प्रथम चित्र बंद करून आवाज चालू ठेवावा. संभाषण चित्राविना चालते, आवाजाविना चालत नाही.
आपला आवाज पोहोचत नाही : माइक बंद आहे का ते पाहावे.
काहीच होत नाही : तीन मिनिटांत न सुधारल्यास साध्या फोनवर काम उरकावे आणि दुरुस्ती नंतर करावी.

दक्षता

कायमचा दुवा बाहेरच्या माणसास देऊ नये. प्रवेशास परवानगी लागेल अशी योजना ठेवावी. काम नसताना कॅमेऱ्यावर झाकण ठेवावे. पडद्यावर बँकेची किंवा शेतकऱ्यांच्या आधार क्रमांकाची माहिती उघडी राहू देऊ नये. कोणी अनोळखी माणूस ‘यंत्र दुरुस्त करतो’ असे सांगून ओटीपी मागू लागल्यास किंवा एखादे अ‍ॅप घेण्यास सांगू लागल्यास कॉल तत्काळ बंद करावा.

सारांश

सेवा एक, दुवा एक, वेळ एक. संच जागेवर, राउटर इन्व्हर्टरवर, कार्ड टीव्हीखाली. एवढी शिस्त पाळल्यास यंत्राची सवय नसलेले वरिष्ठही नंदनवनात बसून भिवापूरचे बोंड त्याच दिवशी पाहू शकतील. प्रत्येक कॉलनंतर दिलेला सल्ला तारखेसह वहीत लिहून ठेवावा आणि तो त्याच दिवशी शेतकऱ्यापर्यंत पोहोचवावा. शाखेतील कार्यकर्त्याचे काम तो शेतकऱ्याच्या हाती पोहोचल्यावरच पुरे झाले असे समजावे.