उतरायचं कुठे?

प्रश्न : येत्या डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबं आसाम, मेघालय आणि जमलंच तर अरुणाचलातलं तवांग बघायला निघतोय. यात्रा कंपनीबरोबर नाही, आपले आपणच. आजवर पंढरपूर, काशी, रामेश्वर झालं. तिथे सांगणारं कुणी ना कुणी भेटत गेलं. ईशान्येकडे मात्र ओळखीचं कुणीच नाही. दुकानात तीन-चार मार्गदर्शिका चाळल्या, सगळ्या सारख्याच गुळगुळीत. त्यातली कामाची कोणती, हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, वडनेर भोलजी (ता. नांदुरा, जि. बुलढाणा)

उत्तर : तवांगचं पान उघडण्याआधी बुलढाण्याचं उघडा. अनोळखी मुलखाबद्दल पुस्तक खरं बोलतंय की थापा मारतंय, हे आपल्याला कळणार नाही. पण आपल्या जिल्ह्याबद्दल ते काय बोलतं, हे वडनेरच्या माणसाला पाच मिनिटांत कळेल. म्हणून ज्या प्रकाशकाची ईशान्य भारताची मार्गदर्शिका घ्यायचा विचार आहे, त्याचंच महाराष्ट्राचं किंवा भारताचं पुस्तक दुकानदाराकडून मागून घ्या आणि शितावरून भाताची परीक्षा करा.

तीन शितं पुरेत. पहिलं शीत रेल्वेचं. बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण असलं, तरी गावात रेल्वे नाही. मलकापूरला उतरून पुढे रस्त्यानं जावं लागतं. हे पुस्तकात स्पष्ट लिहिलंय का? दुसरं शीत लोणारचं. सरोवराचं वय पूर्वी पन्नासेक हजार वर्षं सांगितलं जाई, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीनं ते साडेपाच लाखांच्या पुढे नेलं. शिवाय नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. यातलं पुस्तकाला किती ठाऊक आहे? तिसरं शीत रस्त्याचं. आपल्या गावावरून जाणारा महामार्ग लोकांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’ असला, तरी कागदावर तो ५३ झाला आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून समृद्धी महामार्ग जातो, त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ‘नवी आवृत्ती’ म्हणवणाऱ्या पुस्तकात समृद्धी नसेल, तर नवं फक्त मुखपृष्ठ आहे असं समजा.

आता हीच नजर घेऊन ईशान्येच्या पुस्तकाकडे वळा.

उतरायचं कुठे, हा पहिला प्रश्न. बुलढाण्याला जाणारा जसा मलकापूरला उतरतो, तसा शिलाँगला जाणारा गुवाहाटीला उतरतो आणि पुढचे शंभरेक किलोमीटर रस्त्यानं जातो. मेघालयात रेल्वे २०१४ साली पोहोचली खरी, पण ती गारो टेकड्यांकडच्या मेंदीपठारला. तिथून शिलाँग फार दूर. नुसतं ‘मेघालय रेल्वेनं जोडलेलं आहे’ असं सांगून मोकळं होणारं पुस्तक तुम्हाला भलत्याच फलाटावर उतरवेल.

दुसरा प्रश्न परवानगीचा. अरुणाचलात जायला आपल्याच देशाच्या नागरिकांनाही इनर लाइन परमिट लागतं. त्याचं मूळ १८७३ च्या इंग्रजी कायद्यात आहे. आसाम आणि मेघालयासाठी ते लागत नाही. परदेशी पाहुण्यांसाठीचं परमिट वेगळं. परदेशी प्रकाशकांची पुस्तकं पुष्कळदा त्यांच्याचसाठी लिहिलेली असतात, तेव्हा परमिटाचा मजकूर वाचताना तो कुणासाठी आहे ते आधी बघा. देवळात चपला काढाव्यात, जेवताना उजवा हात वापरावा, अशा सूचनांवर त्यांची दहा-दहा पानं जातात. त्या पानांचे पैसे तुम्ही कशाला द्यायचे?

तिसरा प्रश्न उन्हाचा. डिसेंबरात नांदुऱ्याला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, गुवाहाटीला साडेचारच्या आसपास. घड्याळ तेच, पण संध्याकाळचा तासभर गायब. ‘सायंकाळी सहाला धबधबा पाहावा’ असं सुचवणारा लेखक डिसेंबरात तिकडे गेलेला नाही. काझीरंगा पावसाळ्यात बंद असतं, हेही पुस्तकानं सांगितलंच पाहिजे; तुमचा डिसेंबर मात्र योग्य.

चौथा प्रश्न ताजेपणाचा. गुवाहाटीहून तवांगला जायला साधारण दोन दिवस धरावे लागतात. वाटेत सेला खिंड आहे, १३,७०० फुटांच्या आसपास. हिवाळ्यात बर्फानं तिथे गाड्या अडकत. ९ मार्च २०२४ रोजी सेला बोगद्याचं उद्घाटन झालं. पुस्तकात फक्त खिंड असेल आणि बोगदा नसेल, तर ते त्याआधीचं. असं पुस्तक फुकट मिळालं तरच घ्या. उंचीवर पहिल्या दिवशी दमानं घ्या, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना धावपळ करायला लावू नका, एवढं सांगणारं पान त्यात असेल, तर लेखक स्वतः वर जाऊन आला आहे असं समजायला हरकत नाही.

एक गल्लत मात्र टाळा. प्रवासवर्णन वेगळं आणि मार्गदर्शिका वेगळी. पु. ल. देशपांडे यांचं ‘अपूर्वाई’ किंवा मीना प्रभूंची पुस्तकं परक्या मुलखाची गोडी लावतात. बस किती वाजता सुटते, ते त्यांना विचारायचं नसतं. निघण्याआधी महिनाभर प्रवासवर्णन वाचा, पिशवीत मार्गदर्शिका ठेवा.

आणि पुस्तक कितीही ताजं असलं, तरी ते छापून झाल्यावर मुलखात काय घडलं, हे त्याला माहीत नसतं. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, एवढ्या माहितीवर घरून निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांच्या हाती बातमी नव्हती, आपल्या हाती आहे. रस्ता, दरड आणि शांतता यांची खबर निघण्याच्या आठवड्यात त्या त्या राज्याच्या पर्यटन खात्याकडून घ्या. फोनमधला नकाशाही गुवाहाटीतच उतरवून ठेवा. डोंगरात नेटवर्क भरवशाचं नसतं.

थोडक्यात निकाल असा : सर्वांत जाड नको, सर्वांत रंगीत नको. आवृत्ती मार्च २०२४ नंतरची, परमिटाचं पान भारतीयांसाठी, नकाशावर अंतरांबरोबर लागणारा वेळ दिलेला, आणि बुलढाण्याच्या परीक्षेत पास झालेला प्रकाशक. असं एकच पुस्तक दोन्ही कुटुंबांत पुरे. बरोबर एक पेन्सिल ठेवा. पुस्तक जिथे चुकलं, तिथे समासात खरं काय ते लिहा आणि परतल्यावर ते गावातल्या वाचनालयात देऊन टाका. पुढच्या डिसेंबरात वडनेरहून तिकडे निघणाऱ्याला सांगणारं कुणीतरी असेल.