पेशंट उठून का जातो?

ऑस्ट्रेलियातल्या हॉस्पिटलात नोकरीला निघालेल्या आपल्याकडच्या डॉक्टर-नर्सेसना एका बाबतीत आधीच सावध करायला हवं. अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातला, पेशंट उपचार अर्धवट टाकून निघून गेला, की केसपेपरवर ‘स्वतःच्या जबाबदारीवर गेला’ असा शेरा मारून मोकळं व्हायचा मोह होतो. तिथल्या सरकारी अहवालांत असं निघून जाण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट आढळलं आहे. एवढी तफावत एकेकाच्या हट्टापायी पडत नसते. साधारण १९१० ते १९७० या काळात या समाजाची मुलं सरकारी धोरणानुसार आईबापांपासून तोडली गेली, काही तर जन्मल्याबरोबर हॉस्पिटलातूनच. २००८ साली पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली खरी, पण त्या मुलांतलीच कितीतरी आज म्हातारी होऊन वॉर्डात दाखल होतात. त्यांना आपल्या कोटाची धास्ती वाटली तर नवल काय?

म्हणून माझं म्हणणं असं, की पेशंटाला वॉर्डात थांबावंसं वाटणं हा उपचाराचाच भाग धरावा आणि पेशंट आणि हॉस्पिटल यांच्यातला दुवा असलेल्या अ‍ॅबोरिजिनल लिआझन ऑफिसरला दाखल करतानाच बोलवावं, भांडण पेटल्यावर नव्हे. व्हिक्टोरिया राज्यात हे पद १९८२पासून आहे. त्यावरची व्यक्ती बहुधा त्याच समाजातली असते. गावाकडच्या माणसांची राहण्याची सोय आणि परतीचं भाडं ती बघते, आणि आपल्या नजरेतून निसटतं तेही तिला दिसतं. उदाहरणार्थ, अनेक समूहांत सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत, एका खोलीतही थांबत नाहीत. अशा जावयाला ‘जरा सासूबाईंना समजावून सांगा’ म्हटलं, तर तो बाहेर जाईल आणि आपण त्याला बेफिकीर ठरवू. पेशंट प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो तेव्हाही त्याला कळलंच असेल असं नाही. पुष्कळदा तो संभाषण कसंबसं संपवत असतो. अशा ‘हो’वर ऑपरेशनची संमती घेणं मला तरी धोक्याचं वाटतं.

‘आम्हाला सगळे पेशंट सारखेच’ हा आक्षेप हमखास येतो, आणि तो प्रामाणिकही असतो. पण २०१६च्या पहिल्याच दिवशी न्यू साउथ वेल्समधल्या ट्युमट गावात विराजुरी या अ‍ॅबोरिजिनल समूहातली सत्तावीस वर्षांची एक गरोदर स्त्री जंतुसंसर्ग रक्तात भिनून दगावली. त्याआधी महिनोन् महिने ती दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होती. शेवटच्या खेपेलाही पॅरासिटामॉल देऊन तिला घरी पाठवलं होतं. अशी वागणूक देणाऱ्यांनाही आपण भेदभाव करतोय असं वाटत नसतं, हीच तर अडचण आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पश्चिमेच्या वाळवंटातल्या पिंटुपी लोकांना डायलिसिससाठी घरदार सोडून अ‍ॅलिस स्प्रिंग्सला राहावं लागे. २०००मध्ये त्यांच्या चित्रकारांनी चित्रं काढून लिलाव केला, दहा लाख डॉलरांहून जास्त रक्कम उभी केली आणि काही वर्षांत किंटोरला, म्हणजे आपल्या गावातच, डायलिसिस सुरू करवलं. सोय परवडत नाही हे कारण त्यांच्यापुढे तरी देऊ नये.

तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो: अशा माहितीचे ठोकताळे बनतात. बनतातच. सिडनीत वकिली करणाऱ्या बाईला वाळवंटातल्या चालीरीती चिकटवणं हाही अपमानच. त्यावर उपाय म्हणजे विचारणं. कोण सोबत असावं, कोणाशी बोलावं, तपासायला बाई हवी की पुरुष, हे पेशंटालाच विचारा आणि केसपेपरवर लिहून ठेवा. बरेच लिआझन ऑफिसर रात्री आणि शनिवार-रविवारी नसतात. तेव्हा ड्यूटीच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या वेळा विचारून घ्या, आणि ते नसताना कोणाला फोन करायचा तेही.