वाणिज्य शिक्षणाची सुरुवात : टोकियो, चीन आणि मुंबई

कल्याणजवळील आंबिवली येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. तोपर्यंत परिसरातील असंख्य कुटुंबांचा तो आधार होता. अशा कारखान्याला यंत्रावरील कामगारांइतकीच गरज असते ती पगारपत्रके, भांडाराच्या नोंदवह्या व उत्पादनखर्चाचे हिशेब ठेवणाऱ्यांची. ही विद्या शाळा-महाविद्यालयांतून शिकविण्याची प्रथा आशियात फार जुनी नाही.

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय स्थापन झाले. त्यासाठी झटणारे के. एस. अय्यर हेच त्याचे पहिले मानद प्राचार्य होत. ‘आशियातील पहिले’ असे या संस्थेचे वर्णन नेहमी केले जाते. विद्यापीठाची पदवी देणारे महाविद्यालय या अर्थाने ते मान्य करता येईल. परंतु वाणिज्याची शाळा म्हणून विचार केल्यास जपान कितीतरी आधी या मार्गाला लागला होता.

अमेरिकेत जपानचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून राहून आलेले मोरी आरिनोरी यांनी १८७५ मध्ये टोकियोत एक लहानशी खाजगी वाणिज्य शाळा काढली. शिकविण्यासाठी विल्यम व्हिटनी हे अमेरिकन शिक्षक आणले. ही शाळा १८८७ मध्ये उच्च वाणिज्य विद्यालय व १९२० मध्ये विद्यापीठ झाली. आजचे हितोत्सुबाशी विद्यापीठ ते हेच. मात्र शाळेपूर्वीच पुस्तक आले होते, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. फुकुझावा युकिची यांनी अमेरिकन जमाखर्चाच्या पाठ्यपुस्तकाचे भाषांतर १८७३ पासून प्रसिद्ध केले. त्यात आकडेसुद्धा चिनी लिपीतील, उभ्या ओळींत मांडलेले होते. नवी पद्धत लोकांच्या सवयीच्या कागदावर उतरली.

चीनने १९०४ च्या शिक्षणविषयक नियमांत वाणिज्य शाळांची तरतूद केली, तीही बहुतांशी जपानी नमुन्यावर. दुहेरी नोंद पद्धतीवरील त्साय शी-युंग यांचे चिनी पुस्तक १९०५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाले.

महाराष्ट्रात वेगळेच घडले. पेढ्यांवर कीर्द, खतावणी व रोजमेळ मोडीत लिहिले जात. महाविद्यालयात मात्र हिशेबाची भाषा इंग्रजी. त्यामुळे पेढीवरील जाणत्या मुनिमाला प्रमाणपत्र नव्हते आणि पदवीधराला पेढीची वही वाचता येत नव्हती. वास्तविक १८९३ पासून मुंबई-कोबे जहाजमार्गाने कापूस जपानला जात होता. तेथील शिक्षणाचा हा धडा मात्र त्या जहाजांनी परत आणला नाही. पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ मध्ये, तर कल्याणात वाणिज्य शाखेसह बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्ये सुरू झाले. मराठी माध्यमाच्या उच्च माध्यमिक वर्गांत आता हा विषय ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ या नावाने शिकविला जातो, आणि ग्रामपंचायतीची सामान्य रोकडवही, म्हणजे नमुना ५, मराठीतच लिहिली जाते.