भावाशी धरलेला अबोला कसा सोडावा

वडिलांच्या पश्चात जमिनीवरून नाहीतर आईच्या दवाखान्याच्या खर्चावरून दोघा भावांत वाजतं, आणि मग वर्षानुवर्षं बोलणं बंद. नाताळच्या करंज्या अख्ख्या गल्लीत वाटल्या जातात, भिंतीपलीकडच्या सख्ख्या भावाकडे तेवढ्या जात नाहीत. रविवारी मात्र दोघंही त्याच चर्चमध्ये, एक पुढच्या बाकावर तर दुसरा दाराजवळ.

यावर मत्तयाच्या १८व्या अध्यायात, १५ ते १७ या तीन वचनांत, सरळ क्रम सांगितला आहे. आधी एकट्याने जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा. आपल्याकडे तो उलटा चालतो. आधी मामाला, मग आत्याला, मग महिला मंडळात, मग पाळकसाहेबांच्या कानावर. आणि ज्याच्याशी भांडण, त्याला ते सगळ्यांत शेवटी तिसऱ्याच तोंडून कळतं. म्हणून पहिली गोष्ट, आजपासून ही बाब तिसऱ्या माणसाशी बोलायची नाही. प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेसाठी विषय’ म्हणूनसुद्धा नाही. तिथे भावाचं नाव न घेता केलेली प्रार्थनाही सगळ्या गावाला नावानिशी समजते.

मग एक वही घ्या आणि पान मधोमध दुमडा. डावीकडे त्याने काय केलं, उजवीकडे तुम्ही काय केलंत. स्वभाव लिहायचा नाही, घटना लिहायची. ‘तो आपमतलबी आहे’ हे खोडा. ‘ऑपरेशनच्या वेळी फोन उचलला नाही’ हे ठेवा. डावी बाजू पाच मिनिटांत भरते. उजवीकडे पेन अडतं, आणि तिथेच बसून राहायचं. चार दिवस लागले तरी हरकत नाही. मत्तयाच्या ७व्या अध्यायातलं कुसळ आणि मुसळ आपल्याला पाठ असतं, पण ते अर्धवट आठवतं. भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढूच नका, असं येशू तिथे म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढा, म्हणजे त्याचं कुसळ काढण्यापुरतं नीट दिसेल, असं म्हणतो. डावी बाजू खोटी ठरत नाही, तिची पाळी नंतर येते.

पैशाचा आणि जमिनीचा कागद मात्र वेगळा करा, या वहीत नको. लूकच्या १२व्या अध्यायात एक जण येशूकडे येऊन, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, म्हणतो आणि येशू चक्क नकार देतो. लोभापासून सांभाळा एवढं बजावतो. सातबारा, मोजणी, वाटणीपत्र यासाठी भूमी अभिलेख आहे, वकील आहे. इथे एक स्पष्ट बोललं पाहिजे. बहिणीने हिस्सा मागितला की करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा ६वा अध्याय तिच्या तोंडावर फेकला जातो, ‘देवाची लेकरं कोर्टात जात नाहीत’ म्हणून. मृत्युपत्र नसेल तर १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तो आधी द्या, मग पौलाचं नाव घ्या.

आता जायचं. लग्नाच्या मांडवात नको, मर्तिकाच्या घरी तर नकोच. फोन करून, ‘दादा, दहा मिनिटं बोलायचंय, एकटाच येतो’ एवढंच सांगा. व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर पाठवू नका. तो संध्याकाळपर्यंत भावकीच्या सगळ्या ग्रुपवर असतो. आधी वेळ काढून मग जाईन असंही नको. मत्तयाच्या ५व्या अध्यायात अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमेत. मधलं अंतर शंभरावर किलोमीटर, तेही पायी. आपल्याला भिंत ओलांडायची असते.

गेल्यावर उजव्या बाजूची सगळ्यांत जड ओळ आधी सांगा. ‘आईच्या वर्षश्राद्धाला... नाही, तिच्या स्मरण-उपासनेला मी तुला चारचौघांत बोललो, ते चुकलं,’ अशी. शब्द अडखळले तर अडखळू द्या. मग थांबा. ‘पण तूसुद्धा’ आलं की माफी मागणं राहतं आणि हिशेब सुरू होतो. तो चिडला तर ऐकून घ्या. डाव्या बाजूचं बोलणं त्याने विचारलं तरच, नाहीतर पुढच्या भेटीत. पण बोलायचं नक्की. गिळून टाकलेली गोष्ट क्षमेत जमा होत नाही. मत्तयाच्या १८व्या अध्यायातल्याच दृष्टांतात, राजाने कर्ज माफ केलेल्या एका चाकराला दुसऱ्याकडून शंभर दिनार यायचे असतात. दिनार म्हणजे दिवसाची मजुरी, तेव्हा ही तीन महिन्यांवरची कमाई झाली. त्या माफ झालेल्या कर्जापुढे ती किरकोळ, पण हातावर पोट असलेल्या माणसाला किरकोळ नाही.

पहिली भेट फसली तर दुसऱ्या खेपेस एकदोघांना न्या. तुमच्या बाजूचे नकोत. वहिनीचा भाऊ नको, तुमचा मेहुणाही नको. दोघांनाही तोंडावर चूक सांगू शकेल असा माणूस हवा. त्यानंतर पाळक आणि पंच. इथवर फार थोडी भांडणं येतात.

मारहाण, धमकी, दारू पिऊन अंगावर येणं असेल तर हा क्रम लावूच नका. एकट्याने जाऊ नका, आधी पोलीस.

आणि कशानेच जमलं नाही तर? मग त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार समजा, असं १८व्या अध्यायातली तीच वचनं सांगतात, आणि याचा अर्थ नाव टाकणं असा लावला जातो. पण येशू जकातदारांच्या पंगतीला बसत होता. मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठून आला होता. म्हणून मुलांना चुलत्याकडे जाण्यापासून अडवू नका. घरात कार्य निघालं की पत्रिका त्याच्याकडे आधी, आणि ती स्वतः जाऊन द्या.