हवेतली बस

लहानपणी दादी-नानीच्या गोष्टीत तुम्ही उडनखटोला ऐकला असेल. शहजादा त्यात बसतो, खटोला आकाशात उडतो आणि पाहता पाहता डोंगरापलीकडच्या मुलुखात जाऊन उतरतो. आज मी तुम्हांला एका खऱ्या उडनखटोल्याची माहिती सांगणार आहे. हा खटोला पोलादी दोराला लटकून चालतो आणि त्यात शहजादे नव्हे, तर मुलाबाळांना घेऊन सहलीला आलेली साधी माणसे बसतात.

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. तिथे ऑर्लँडो शहराजवळ 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' हे फार मोठे करमणूक केंद्र आहे. मिकी माउस तुम्हांला ठाऊक आहेच. त्याला जन्म देणाऱ्या वॉल्ट डिस्ने यांच्या नावाचे हे केंद्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. याला नुसती बाग म्हणू नका. त्याची जमीन सुमारे शंभर चौरस किलोमीटर आहे. तिच्यात चार मोठी उद्याने आहेत आणि कितीतरी हॉटेले आहेत. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायी जाणे बहुतेक वेळा शक्यच नसते. म्हणून तिथे बसगाड्या आहेत, बोटी आहेत आणि एकाच रुळावरून धावणारी मोनोरेलही आहे.

तरी एक अडचण राहतेच. सकाळी सगळ्यांना एकाच वेळी उद्यानात जायचे असते. रात्री आतषबाजी संपली, की सगळ्यांना एकाच वेळी परतायचे असते. शाळा सुटल्यावर एस.टी.च्या थांब्यावर काय होते, ते आठवा. बस येते, भरते, निघून जाते आणि आपण दुसऱ्या बसची वाट पाहत उभे राहतो. तिथेही हेच होत असे. झोपेला आलेली मुले आईबापांच्या खांद्यावर आणि पुढे लांबलचक रांग!

जुलै २०१७ मध्ये डिस्ने कंपनीने जाहीर केले, की आता आम्ही रज्जुमार्ग बांधणार. रज्जू म्हणजे दोर. रज्जुमार्गालाच आपण बोलताना रोपवे म्हणतो. या रज्जुमार्गाचे नाव ठरले 'स्कायलायनर'. लोकांना फार आनंद झाला. जुन्या लोकांना एक आठवणही झाली. याच केंद्रात १९७१ पासून १९९९ पर्यंत 'स्कायवे' नावाचे पाळणे एका उद्यानावरून फिरत असत. पण ती गंमत होती. पाळण्यात बसायचे, खाली पाहायचे, उतरायचे. नवा पाळणा मात्र गमतीसाठी नव्हता. त्याने बसचे काम करायचे होते. लोकांना हॉटेलातून उद्यानात आणि उद्यानातून हॉटेलात न्यायचे होते.

गंमत आणि वाहन यांत मोठा फरक आहे. गंमत एक दिवस बंद राहिली, तर आपण हळहळतो आणि दुसरीकडे जातो. वाहन बंद पडले, तर आपण अडकतो.

म्हणूनच पुढची दोन वर्षे लोक आनंदाने वाट पाहत होते आणि काळजीही करत होते. खांब उभे राहू लागले, दोर ताणले गेले, रिकामे डबे धावू लागले. येणारेजाणारे मान वर करून पाहत. पण पाळण्यांत वातानुकूलन नसणार, हे कळल्यावर अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फ्लोरिडाचा उन्हाळा दमट आणि कडक असतो. बंद डब्यात माणूस उकडून निघेल, असे लोक म्हणू लागले. त्याहून मोठा प्रश्न होता, की पाळणा मध्येच थांबला तर काय? खाली रस्ता, कुठे पाणी, आणि आपण अधांतरी!

हा प्रश्न मला नवा नाही. रायगडावर १९९६ साली रोपवे सुरू झाला. एका सहलीत मी मुलांना घेऊन त्यातून वर गेले होते. हजाराहून अधिक पायऱ्यांची चढण काही मिनिटांत पार होते, हे खरे. पण एका मुलाने डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्याने हळूच विचारले, "टीचर, रस्सी तुटली तर?" मी "नाही तुटत," एवढेच म्हणाले. हे काही उत्तर नव्हे, हे तेव्हाही मला जाणवले. आज जरा नीट सांगते.

असा दोर एकच जाड तार नसतो. पोलादाच्या पुष्कळ तारा एकमेकींभोवती पिळून तो केलेला असतो. एखादी तार तुटली, तरी बाकीच्या भार धरून ठेवतात. दोर नियमाने तपासतात, म्हणून ती एक तारही वेळीच लक्षात येते.

आता स्कायलायनरची खरी खुबी पाहा. दोराची दोन टोके जोडून त्याची मोठी माळ केलेली असते आणि ती न थांबता फिरत राहते. प्रत्येक डब्याच्या माथ्यावर एक भक्कम चिमटा असतो. वाटेत हा चिमटा दोराला घट्ट पकडून ठेवतो. स्थानक आले, की चिमटा उघडतो आणि डबा दोर सोडून देतो! दोर आपल्या वेगाने पुढे जातो, डबा मात्र स्थानकातल्या चाकांवरून अगदी हळू सरकतो. माणसे उतरतात, नवी चढतात, दार लागते. मग चाके डब्याचा वेग दोराइतका वाढवतात आणि चिमटा पुन्हा दोर पकडतो. काही स्थानकांवर तर एक बाजूची वाट आहे. चाकांच्या खुर्चीत बसलेला प्रवासी आला, की डबा त्या वाटेवर घेऊन पूर्ण थांबवतात. बाकीचे डबे आपले चालतच राहतात. मला ही सोय सगळ्यांत आवडली.

यात रांग कशी कमी होते? थोडे गणित करू. समजा, दर बारा सेकंदांनी एक डबा निघतो आणि त्यात आठ माणसे बसतात. मिनिटाला पाच डबे, म्हणजे चाळीस माणसे. तासाला दोन हजार चारशे. एका बसमध्ये पन्नास माणसे धरली, तर तेवढ्यांसाठी तासाला अठ्ठेचाळीस बसगाड्या लागतील, म्हणजे दर सव्वा मिनिटाला एक भरलेली बस. डब्याचा वेग पाहिला, तर जोरात चालवलेल्या सायकलीइतकाच आहे. तरी काम होते, कारण डब्याची वाट पाहावी लागत नाही.

हे काम ऑस्ट्रिया देशातील 'डोपेलमायर' कंपनीकडे होते. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात ला पाझ शहरासाठीही याच कंपनीने रज्जुमार्ग बांधले आहेत. तिथे २०१४ पासून लोक त्यांतून रोज कामावर जातात.

२९ सप्टेंबर २०१९ रोजी स्कायलायनर सुरू झाला. तीन मार्ग, पाच स्थानके आणि सुमारे तीनशे डबे. काही डब्यांवर मिकी आणि त्याच्या दोस्तांची चित्रे. भाडे नाही. उकाड्याची भीती पुष्कळशी कमी झाली, कारण डब्याला झरोके आहेत आणि डबा चालू लागला, की त्यांतून वारा खेळतो. अर्थात डबा थांबला, तर वाराही थांबतो.

आणि डबा थांबलाच! सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. ५ ऑक्टोबरच्या रात्री रिव्हिएरा नावाच्या स्थानकात डबे एकमेकांवर आदळून अडकले. मागचा सगळा मार्ग बंद झाला. कित्येक प्रवासी अंधारात तीन तासांहून अधिक वेळ लटकत राहिले. काहींना अग्निशमन दलाने खाली उतरवले. ज्या स्थानकात डबा दोर सोडतो, तिथेच हे घडले. दोर मात्र तुटला नव्हता. रायगडावरच्या माझ्या त्या विद्यार्थ्याप्रमाणेच सर्वांची नजर वर दोराकडे होती, स्थानकाकडे फारशी कोणाची नव्हती.

लोक पुन्हा बसणार नाहीत, असे तेव्हा वाटले असेल. नऊ दिवस रज्जुमार्ग बंद ठेवून १४ ऑक्टोबरला तो पुन्हा सुरू केला. लोक आले. काही जण पहिल्यांदा बसताना दार लागेपर्यंत गप्प राहिले असतील. मीही राहिले असते.

विजेपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी ढग गडगडतात आणि विजा फार पडतात. वादळ जवळ आले, की डबे रिकामे करून स्कायलायनर बंद करतात. मग प्रवाशांना न्यायला त्याच जुन्या बसगाड्या येऊन उभ्या राहतात.