अन्नपरीक्षेची प्रमाण-मापे : निर्देशक पदार्थ

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात धान हे खरिपाचे मुख्य पीक आहे. धान विकताना शेतकरी काट्यावर नजर ठेवतो आणि वजनांवर सरकारी शिक्का आहे की नाही, हेही पाहतो. परंतु तोच तांदूळ प्रयोगशाळेत गेला आणि त्यात कॅडमियम या विषारी धातूचा अंश अधिक आहे असे यंत्राने दाखविले, तर त्या यंत्राचे माप खरे कशावरून मानावे? माप चुकले तर निर्दोष माल नाकारला जातो, अथवा सदोष माल मुलाबाळांच्या ताटात जातो.

निर्देशक पदार्थ म्हणजे काय?

बाजारातील वजने जशी प्रमाण वजनाशी ताडून पाहतात, तशी प्रयोगशाळेची पद्धत ज्या पदार्थाशी ताडून पाहतात, त्यास निर्देशक पदार्थ म्हणतात. त्यातील दूषित द्रव्याचे प्रमाण आधीच निश्चित केलेले असते. तांदळाच्या परीक्षेसाठी शक्यतो तांदळाचेच पीठ घेतात. कारण दाण्यातील पिष्ट व प्रथिने यांच्यामुळे मापनात जो अडथळा येतो, तो शुद्ध द्रावणात दिसून येत नाही.

जपानचे उदाहरण

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यातून खाणीतील कॅडमियम भातशेतीत पोहोचले व हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग लोकांना जडला. या रोगाचे मूळ कॅडमियममध्ये असल्याचे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले. पुढे तेथील राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने तांदळाच्या पिठाचे तीन निर्देशक पदार्थ तयार केले. त्यांत दर किलोमागे कॅडमियम अनुक्रमे ०.०२३, ०.३२ व १.८२ मिलिग्रॅम आहे. भारतात सडलेल्या तांदळासाठी कमाल मर्यादा ०.४ मिलिग्रॅम आहे. यांपैकी मधल्या पिठाचे माप एखाद्या प्रयोगशाळेत ०.४५ आले, तर दोष पिठाचा नसून मापनाचा, हे तत्काळ कळते.

तयार करण्याची रीत

प्रथम एकाच जातीचा पुरेसा माल निवडून वाळवितात, दळतात, चाळतात व दीर्घकाळ मिसळतात. मग पीठ बाटल्यांत भरून, त्यांतील काही बाटल्या कोणताही क्रम न ठेवता उचलून तपासतात. सर्व बाटल्यांत प्रमाण सारखे असावे लागते. काही बाटल्या निरनिराळ्या तापमानात ठेवून साठवणीत बदल होतो काय, हेही पाहतात. शेवटी भिन्न पद्धतींनी अथवा अनेक प्रयोगशाळांत मापन करून प्रमाण ठरवितात आणि त्यात किती कमीअधिक संभवते, तेही प्रमाणपत्रात नोंदवितात. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने असे प्रमाणित पदार्थ उपलब्ध करून देते.

वेष्टनाची परीक्षा

अन्नात द्रव्ये वेष्टनातूनही उतरतात. भारताच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनुसार प्लॅस्टिकमधून एका किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक द्रव्य उतरता कामा नये. छापील वर्तमानपत्रात अन्न बांधण्यासही मनाई आहे. प्लॅस्टिकमधील जड धातूंच्या तपासणीसाठी युरोपात ज्ञात प्रमाणाचे पॉलिथिनचे दाणे निर्देशक पदार्थ म्हणून वापरतात.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

प्रयोगशाळेचे माप कितीही खरे असले, तरी नमुना चुकीचा असेल तर निकाल निरुपयोगी ठरतो. ढिगाच्या वरची मूठभर धान म्हणजे नमुना नव्हे. अनेक पोत्यांतून, वरून, मधून व तळातून थोडे थोडे धान काढावे, ते एकत्र मिसळून पसरावे, चार भाग करावेत व समोरासमोरचे दोन भाग ठेवावेत. पुरेसा नमुना उरेपर्यंत ही कृती पुन्हा करावी. नमुना कोरड्या व स्वच्छ पिशवीत भरून त्यावर गाव, वाण व तारीख लिहावी. खताच्या अथवा कीटकनाशकाच्या रिकाम्या पोत्यांत धान किंवा मोहफूल कदापि भरू नये. योग्य नमुना व खरे माप यांची जोड मिळाली, तरच प्रयोगशाळेचा निकाल शेतकऱ्यास व ग्राहकास सारखाच न्याय देऊ शकतो.