रोवणीला दोष देऊ नका

“रोवणीत वाकली नं, म्हणूनच पडलं.” तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ गेला, तेव्हा एकोडीत भेटायला येणाऱ्या बायका हेच बोलायच्या. कोणी पपईवर ठपका ठेवला, कोणी ग्रहणावर. आषाढात मी बांधीत धानाचे पऱ्हे लावले होते, हे खरं. पण आमच्या साकोली तालुक्यात त्या दिवसांत बांधीत उतरत नाहीत अशा बायका किती?

डॉक्टरबाईंनी समजावलं ते प्रत्येक सासूने ऐकावं असं आहे. दिवस राहिल्याचं कळल्यावरही १०० पैकी १० ते २० वेळा गर्भ टिकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचाच दोष असतो. तो कुणाच्या वाकण्याने येत नाही, नजरेनेही नाही. फार जड ओझं आणि कीटकनाशकाची फवारणी गरोदरपणी टाळावीच. पण त्यावरून बाईला गुन्हेगार ठरवू नये.

“जाऊ दे, दुसरं होईल,” हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. आशाताईंनी दिलेलं माता-बाल कार्ड मी साड्यांच्या घडीखाली सरकवलं होतं. नवरा बोलत नव्हता. त्याला काही वाटतच नाही, असं घरच्यांना वाटे. एका रात्री तो गोठ्यात रडताना दिसला. त्यानंतर आम्ही दोघं त्या बाळाबद्दल बोलू लागलो. मोठ्या जाऊबाई रोज जवळ येऊन बसायच्या. त्यांचाही एक गर्भ गेला होता, हे मला तेव्हाच कळलं. इतकी वर्षं त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

रडू येतं तर रडा. पण झोप, जेवण, कामाची इच्छा दोन आठवड्यांनंतरही परतली नाही, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. अंगावरून खूप जात असेल, ताप किंवा घाण वास असेल, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका, १०८ ला बोलवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. इंजेक्शनची गरज असल्यास ते गर्भ गेल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं.

आपल्या भागात सिकलसेल आहे, आणि तो आजार असलेल्या बाईला गर्भपाताचा धोका जास्त असतो. म्हणून पुढच्या वेळेआधी तपासणीला एकटीने जाऊ नका. नवऱ्यालाही घेऊन जा. रक्त दोघांचंही तपासा.